साडेचार तोळ्यांचा बाण

बाण हरवतात. गवतात जातात, नाल्यात पडतात, एखादा बैलाच्या पायाखाली मोडतो. आजवर किती बाण केले आणि त्यातले किती उरले, मला सांगता येणार नाही. पण त्या बाणांवरून जे किस्से झाले त्यातला एकही हरवला नाही. उलट दरवर्षी भर पडते. चार माणसं बसली की कोणीतरी म्हणतंच, "आबा, तो टायरचा सांगा." मग सांगावा लागतो. मी चौथी शिकलेला माणूस, फार बोलत नाही. म्हटलं एकदा लिहूनच टाकावं, म्हणजे दर वेळी घसा कोरडा करायला नको.

आमचं गाव नशिराबादच्या पुढे, हायवे सोडून आत. केळी आणि कापूस. रानडुकरं केळीत शिरली की सकाळी बाग आडवी दिसायची, म्हणून माझे वडील बांधावर धनुष्य घेऊन बसायचे. पुढे कायदा आला, शिकार बंद झाली. बरोबरच झालं. वडिलांनी कायदा मोडला नाही आणि धनुष्यही मोडलं नाही. त्यांनी पोत्याचं डुक्कर शिवलं. आत केळीची वाळलेली पानं, तोंडाला बाभळीच्या लाकडाचे दोन सुळे आणि छातीवर लाल कापडाचा गोल.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, दुपारचं जेवण झालं की ते डुक्कर नाल्याकाठच्या पडीक जमिनीत उभं करतात. तीस पावलांवरून प्रत्येकाने तीन बाण मारायचे. लाल गोलाच्या सगळ्यात जवळ ज्याचा बाण, त्याच्या दारावर वर्षभर सुळे. बक्षीस एवढंच. पण एवढ्यासाठी सात-आठ म्हातारी माणसं वर्षभर भांडतात, की डुकराला बाण जड हवा का हलका!

डुक्कर पोत्याचं आहे, हे भांडणात कोणी मध्ये आणत नाही.

*

मी जड बाणवाला. जड बाण हळू जातो, पण लागला की आत शिरतो. हाड आडवं आलं तरी थांबत नाही.

नाना हलक्या बाणवाला. नाना माझा लहानपणचा दोस्त. पाचोऱ्याच्या मार्केट यार्डात मापाडी होता, सगळी नोकरी धान्य तोलण्यात गेली. त्याचं म्हणणं, हलका बाण डुकराला कळायच्या आत पोचतो.

"तुझा जड बाण निघाल्यावर डुक्कर पाणी पिऊन, पिल्लांना भेटून परत जागेवर येईल, आबा!"

"येईल ना? मग लागेल."

एकदा वाद फारच वाढला. जड म्हणजे किती जड? हलका म्हणजे किती हलका? किराणा दुकानाचा काटा बाण ठेवला तरी हलेना. मग दोघं एकेक बाण घेऊन एसटीने जळगावला गेलो. सोन्याचा बाजार आहे, काटे बारीक असतात.

सराफाच्या दारात वॉचमनने अडवलं. "हत्यार घेऊन आत जाता येणार नाही."

"हत्यार नाही," नाना म्हणाला, "माल आहे. तोलायचाय."

दुकानाचे मालक बापू आतून हे बघत होते. त्यांनी आम्हाला आत घेतलं. काट्यावर ठेवायच्या आधी नानाने माझा बाण तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि तीन वेळा हात खाली-वर केला. "साडेचार तोळे." मग स्वतःचा घेतला. "अडीच."

बापूंनी काट्यावर वाटी उपडी ठेवून तिच्यावर बाण आडवा ठेवला. साडेचार. दुसरा ठेवला. अडीच. बापूंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा तोलून बघितलं. तेच!

शेजारी एक बाई मुलीच्या लग्नासाठी हार बघत होत्या. त्यांनी तो काळा, लांब, पिसं लावलेला ऐवज निरखून विचारलं, "हे नवीन निघालंय का? कोण घालतं हो?"

मी म्हणालो, "डुक्कर."

*

पुढच्या आखाजीला बापू स्वतः गावात आले, खिशात मावणारा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन. तेव्हापासून रीत पडली. जिंकलेला बाण बापूंनी सगळ्यांसमोर तोलायचा आणि वजन मोठ्याने सांगायचं. म्हणजे त्या वर्षी जड जिंकला की हलका, यावर पुन्हा वाद नको.

बापूच का, तर बापू काट्यावर खोटं बोलत नाहीत. त्याचा एक किस्सा जळगावात अजून सांगतात.

बापूंच्या मेव्हणीचं लग्न होतं. सासूबाईंनी आपल्या पाटल्या काढल्या आणि सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "आठ तोळ्यांच्या आहेत. माझ्या आईच्या. आता धाकटीला देते." सगळे वा वा म्हणाले. कोणीतरी हौशीने बापूंना म्हणालं, "जावईबापू, तोला की!"

शहाण्या माणसाने पाणी प्यायला म्हणून उठून जावं. बापूंनी तोलल्या.

"सात," बापू म्हणाले. "आणि आत लाख आहे."

बायको महिनाभर बोलली नाही. आम्ही विचारलं, "बापू, सासूबाईंसाठी एक तोळा वाढवता आला नसता?"

बापू म्हणाले, "काट्याला सासू नसते."

*

आता टायरचा.

माझे व्याही नरडाण्याचे. अहिराणी बोलतात आणि मोठ्याने बोलतात. एका आखाजीला ते मोटरसायकलवर आले. पुतण्याने ऑनलाइन मागवलेला कार्बनचा बाण बरोबर होता. बापूंनी तोलला तर जेमतेम दीड तोळा!

व्याही सगळ्यांना तो हातात घेऊन दाखवत फिरले. "आबा, हाऊ बाण शे! तुमना बठ्ठा बाण म्हंजे लोखंडनी सळई!" बठ्ठा म्हणजे सगळे.

नाना खूश झाला. त्याच्याहून हलका माणूस पहिल्यांदाच भेटला होता.

व्याह्यांनी माझंच धनुष्य घेतलं आणि बाण सोडला. आता बांबूच्या धनुष्याची एक गोष्ट आहे. बाणाला वजन असलं की ओढलेला जोर बाण घेऊन जातो. बाणाला वजनच नसलं की तो जोर धनुष्यातच राहतो. धनुष्य कडाडलं. बाण डुकराच्या डोक्यावरून गेला तो आजपर्यंत सापडलेला नाही. माझ्या धनुष्याला वीतभर चीर गेली.

मी घरून दुसरं धनुष्य आणलं आणि साडेचार तोळ्यांचा बाण लावला. लाल गोलात लागला. पण त्या वर्षी पोतं जुनं होतं, शिवण कुजलेली. बाण डुकरातून आरपार गेला. मागे व्याह्यांची मोटरसायकल उभी होती. तिच्या मागच्या टायरमधून हवा गेली, ती अख्ख्या पडीतल्या माणसांना ऐकू आली.

सणाचे दिवस, टायर मिळेना. व्याही चार दिवस राहिले.

नाना म्हणाला, "जड बाणाचं मी मानतो. डुक्कर गेलं आणि व्याही थांबले!"

व्याह्यांनी जाताना नवीन टायरवर हात ठेवला आणि म्हणाले, "आबा, तुमना बाण चांगला शे. पन मनी गाडी काय डुक्कर शे का?"

*

एका वर्षी कोणीतरी वनखात्याला फोन केला. म्हणे आमच्या गावात डुक्कर मारलं आहे, अंगात तेरा बाण आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी, आम्ही बाण आणि सुळे काढायच्या आत, एक तरुण गार्ड आला. आम्ही त्याला पडीत नेलं. त्याने डुक्कर बघितलं. बराच वेळ बघितलं.

"पोत्याचं आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो.

"पण तक्रार नोंदली गेली आहे. पंचनामा करावा लागेल."

मग तिथेच बसून त्याने पंचनामा लिहायला घेतला. सदर डुक्कर पोत्याचे असून पंचांनी हात लावून खात्री केली. अंगात तेरा बाण. नानाने त्यातले हलके किती आणि जड किती तेही लिहायला सांगितलं. मी म्हणालो, लिहायचंच तर कोणता किती आत गेला तेही लिहा. गार्डने दोन्ही लिहिलं नाही.

मग रकाना आला. नर की मादी?

आम्ही एकमेकांकडे बघितलं. इतकी वर्षं बाण मारले, हे कोणी विचारलं नव्हतं.

"सुळे आहेत, म्हणजे नर," नाना म्हणाला.

"सुळे जिंकणाऱ्याच्या दारावर जातात," मी म्हणालो. "मग वर्षभर काय?"

अर्धा तास गेला. शेवटी त्याने लिहिलं, 'पाहणीत समजून आले नाही.' पाच पंचांच्या सह्या झाल्या.

कागद पिशवीत घालून झाल्यावर गार्ड तिथेच घुटमळला. मग हळूच म्हणाला, "आबा, मी एक मारून बघू?"

तीन मारले. एकही डुकरापर्यंत पोचला नाही. आम्ही त्याला खाट दाखवली.

*

खाटेचं सांगायला हवं.

पडीच्या कडेला लिंबाखाली एक खाट टाकलेली असते. नियम असा की ज्याचे तिन्ही बाण डुकराच्या अलीकडे पडले, त्याने धनुष्य ठेवायचं आणि खाटेवर बसायचं. पाहुण्याला त्या दिवसापुरतं. गावच्या माणसाला कायमचं. पुढच्या वर्षी परत उठायचं नाही. नियम मी केला. कारण धनुष्य ओढवत नसताना ओढणारा माणूस स्वतःला आणि दुसऱ्याला इजा करतो.

नानाचे मोठे भाऊ, अण्णा, आमच्यात सगळ्यात जुने. मला धनुष्याची दोरी बांधायला त्यांनी शिकवलं. एका आखाजीला त्यांचे तिन्ही बाण अलीकडे पडले. तिसरा तर पाच पावलं अलीकडे.

अण्णा म्हणाले, "वारा आहे."

लिंबाचं पान हलत नव्हतं.

नाना माझ्याजवळ आला. "आबा, एक अजून मारू दे त्याला. हलका देतो माझा. पोचेल."

"नियम तीनचा आहे."

"अरे, अण्णा आहे तो!"

मी म्हणालो, "अण्णा, खाट."

अण्णा गेले आणि खाटेच्या बरोबर मध्यावर बसले. मग नाना बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुझा खांदा जाईल ना आबा, तेव्हा मी बघेन. गुपचूप हलका बाण लावशील!"

मला राग आला. मीही सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "ज्या दिवशी मी हलका बाण लावीन, त्या दिवशी धनुष्य अण्णांच्या मांडीवर ठेवून शेजारी खाटेवर बसेन. शब्द आहे माझा!"

खाटेवरून अण्णा म्हणाले, "ये. जागा आहे."

त्या दिवसापासून कोणाचाही बाण अलीकडे पडला की अण्णा तेवढंच म्हणतात. जागा आहे.

*

गेल्या दिवाळीनंतर माझा उजवा खांदा धरला. हात कानापर्यंत जाईना. टोपी डाव्या हाताने घालायला लागलो. घरात कोणाला सांगितलं नाही. टोपी वाकडी बसायला लागली तेव्हा घरच्यांना कळलं.

जळगावच्या डॉक्टरने हात फिरवून बघितला. मी ओरडलो नाही. तो म्हणाला, "बाबा, या हाताने वजन उचलायचं नाही."

"किती?"

"अजिबात नाही."

"साडेचार तोळे?"

डॉक्टरने माझ्या मुलाकडे बघितलं. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, तो वेगळा विषय आहे."

तीन महिने व्यायाम केला. भिंतीवर बोटं चढवायची आणि उतरवायची. फाल्गुनात हात कानापर्यंत गेला, पण जोर आला नाही. वडिलांचं धनुष्य अर्धंसुद्धा ओढलं जाईना. मग एक नरम धनुष्य केलं आणि घरामागे तीस पावलं मोजली. साडेचार तोळ्यांचा बाण लावला.

सात पावलं अलीकडे पडला. बायकोच्या कोथिंबिरीत.

दुसरा पडला. तिसरा पडला. तिन्ही कोथिंबिरीत.

बायको पाणी घालत होती. तिने तिन्ही बाण उपटून माझ्या हातात दिले आणि म्हणाली, "जड आहेत."

पन्नास वर्षांत तिने बाणाबद्दल काढलेला हा पहिला शब्द.

दुसऱ्या दिवशी मी काचेचा तुकडा घेऊन बसलो आणि तीन बाण तासायला घेतले. काडी बारीक केली. पुढचं लोखंडी पातं काढून लहान लावलं. मग पुन्हा तोच काळा रंग, तीच पिसं, तोच लाल दोरा. बघणाऱ्याला फरक दिसणार नाही असं केलं. बायको दारातून बघत होती. मी उठल्यावर तिने काडीचा सगळा भुसा झाडून चुलीत टाकला.

घरामागे मारून बघितला. पोचला.

मला पोचायचंच होतं. जिंकायचं नव्हतं. जिंकणाराच बाण तोलतात. बाकीचे बाण ज्याचे तो उपटून घरी नेतो. डुकराच्या मागच्या पायात कुठेतरी लावायचा आणि वर्ष काढायचं, असा माझा हिशोब होता.

*

आखाजी आली. खापराचे मांडे आणि आमरस खाऊन सगळे पडीत जमले. अण्णा खाटेच्या मध्यावर. बापू डुकराजवळ, काटा खिशात. नानाचे तीन बाण झाले होते. एक लाल गोलाला चिकटून होता आणि तोच पुढे होता.

मी उभा राहिलो. पहिला बाण मागच्या पायावर धरला. पायाच्या खाली मातीत गेला. दुसरा तिथेच धरला. शेपटीला घासून गेला. तिसऱ्याला खांद्यात कळ आली, हात हलला आणि बाण सुटला.

लाल गोलाच्या मधोमध!

लोक ओरडले. मी ओरडलो नाही. जड बाण कमान घेऊन जातो, वर चढतो आणि खाली येतो. हा दोरीसारखा सरळ गेला होता. मी वळून बघितलं. सगळे डुकराकडे बघत होते. नाना माझ्या खांद्याकडे बघत होता.

बापूंनी बाण उपटला. उपटताना त्यांचा हात जरा झटक्याने वर गेला, जड समजून उचललेली घागर रिकामी निघावी तसा. त्यांनी काटा काढला, दगडावर ठेवला, वाटी उपडी केली आणि बाण तिच्यावर आडवा ठेवला.

मीही डुकराजवळ येऊन दोन पावलांवर उभा होतो. लांबचा आकडा मला चष्म्याशिवाय दिसतो. दोन तोळे आणि वर थोडं.

बापूंनी आकडा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा आकडा बघितला. आणि अंगठ्याने बाजूचं बटण दाबलं.

"बॅटरी गेली," बापू म्हणाले.

"आत्ता तर काटा चालू होता!" कोणीतरी मागून म्हणालं.

"गेली," बापू म्हणाले आणि काटा खिशात घातला.

गलका झाला. कोणी म्हणे सेल आणा, कोणी म्हणे दुकानं बंद आहेत. एवढ्यात खाटेवरून अण्णांचा आवाज आला.

"काटा कशाला पाहिजे? नाना आहे ना. नानाचा हात आजवर चुकला नाही. नाना, तू सांग."

अण्णा खाटेच्या मध्यावरून एका कडेला सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली.

बापूंनी बाण नानाला दिला.

नानाने तो तळहातावर घेतला. डोळे मिटले. हात एकदा खाली-वर केला. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा वर नेला तो तसाच धरून ठेवला. मी धनुष्य उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं आणि खाटेकडे एक पाऊल टाकलं.

नानाने डोळे उघडले.

"साडेचार," तो मोठ्याने म्हणाला. "वर गुंजभर जास्तच भरेल."

अण्णा परत खाटेच्या मध्यावर येऊन बसले.